शस्त्राचा क्षण आणि व्रणाचे दिवस

शस्त्रवैद्यकाचा इतिहास म्हणून जे ग्रंथ सामान्यतः आपल्या वाचनांत येतात, ते बहुतेक शस्त्र धरणाराच्या बाजूनें लिहिलेले असतात. अमक्या सालीं अमक्या वैद्यानें अमुक अवयव प्रथम कापला, दुसऱ्यानें भुलीचें औषध प्रचारांत आणलें, तिसऱ्यानें जंतूंचा बंदोबस्त केला, अशी ही विजयांची मालिका आहे, आणि ती खरीहि आहे. परंतु ज्याच्या अंगावर शस्त्र चाललें त्याचा इतिहास शस्त्र खालीं ठेविल्यावर सुरू होतो, ही गोष्ट त्या ग्रंथांत क्वचितच आढळते. वैद्याचें काम घटकाभरांत आटोपतें. रोग्याचें काम त्यानंतर कित्येक आठवडे चालू राहतें, आणि तें काम त्याच्याऐवजीं दुसऱ्या कोणास करतां येत नाहीं.

‘काय तें लहानसेंच ऑपरेशन होतें,’ हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलें आहे. बहुतेकांनीं उच्चारलेंहि आहे. येथें लहानपण कशावरून मोजलें जातें हें पाहण्यासारखें आहे. शस्त्र किती वेळ चाललें, किती खोल गेलें, प्राणास धोका किती होता, हीं तिन्ही मापें वैद्याचीं आहेत. रोग्याचें माप निराळें. खोकला आला असतां काय होतें, कुशीवर वळतां येतें कीं नाहीं, शौचास जाण्याची भीति वाटते कीं काय, रात्रीं दोन वाजतां घरांतील सर्व मंडळी निजलीं असतां सकाळ किती दूर वाटते, या मापांनीं तो आपलें दुखणें मोजतो. या दोन मापांमधील अंतर ही आमच्या मतें शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांतील एक दुर्लक्षित बाब आहे. तिचा थोडासा मागोवा घेण्याचा येथें विचार आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करणें योग्य होईल. सुश्रुतसंहितेचें नांव निघालें म्हणजे कापलेलें नाक जोडण्याची कृति आणि शस्त्रांच्या नानाविध आकृति यांचें वर्णन करण्याचा प्रघात आहे. परंतु त्याच संहितेच्या सूत्रस्थानांतील एकोणिसावा अध्याय केवळ व्रण झालेल्या माणसाच्या शुश्रूषेस वाहिलेला आहे, हें फारसें कोणी सांगत नाहीं. त्याचें नांव ‘व्रणितोपासनीय’. दीड हजार वर्षांहूनहि जुन्या या प्रकरणांत प्रथम रोग्याच्या खोलीचा विचार आहे. ती स्वच्छ असावी. तींत ऊन आणि वारा यांचा त्रास नसावा. अंथरूण ऐसपैस, मऊ व नीट आच्छादिलेलें असावें. रोग्यानें उठतांना, बसतांना, कूस बदलतांना व्रण जपावा. मोठ्यानें बोलूं नये. फार वेळ उभें राहूं नये वा फार चालूं नये. दिवसा झोंपूं नये. मोहरी, निंबाचीं पानें, तूप व मीठ यांची धुरी दिवसांतून दोनदां याप्रमाणें दहा दिवस न चुकतां द्यावी. जुना तांदूळ, कोंवळा मुळा, डाळिंब व आंवळा हें पथ्यकर. दूधदही व नवें धान्य वर्ज्य. यांतील सर्वच नियम आजच्या वैद्यास मान्य होतील असें नाहीं. पण औषधें आणि पथ्यें यांच्याच पंक्तीला बसविलेला एक नियम असा आहे कीं, गोड बोलणाऱ्या स्नेह्यांनीं रोग्याजवळ बसावें आणि मनोहर कथा सांगून त्याच्या व्रणाच्या वेदनेचा विसर पाडावा. शिष्टाचार म्हणून नव्हे, तर चिकित्सेचें अंग म्हणून हें सांगितलेलें आहे.

आणखी एक स्थळ याहूनहि मार्मिक आहे. जो रोगी कृश आहे, दुर्बळ आहे किंवा भित्रा आहे, त्याच्या नाडीव्रणावर शस्त्र न चालवितां क्षारानें माखलेल्या दोऱ्यानें तो हळूहळू छेदावा, आणि भगंदरांतहि तीच रीत योजावी, असें सुश्रुत सांगतो. येथें भित्र्या माणसाची निर्भर्त्सना नाहीं. देहाच्या दुर्बळतेप्रमाणेंच भीति ही रोग्याची एक स्थिति आहे, आणि वैद्यानें तिला धरून उपाय बदलावा, एवढेंच शांतपणें सांगितलें आहे. धैर्य ही रोग्यापासून वसूल करावयाची फी आहे अशी कल्पना त्या शास्त्रकाराच्या मनास शिवलेली दिसत नाहीं.

ती कल्पना पूर्ण वैभवांत पाहावयाची असेल तर त्याच भगंदराच्या निमित्तानें फ्रान्सच्या राजदरबारांत जावें लागतें. चौदावा लुई हा युरोपांतील त्या काळचा सर्वांत प्रतापी राजा. इ. स. १६८६ च्या आरंभीं त्यास गुदद्वारापाशीं गळूं झालें. वसंत ऋतु संपण्यापूर्वींच त्याचा भगंदर बनला. लेप झाले, पिचकाऱ्या झाल्या. पिरिनीज पर्वतांतील बारेज येथील उष्ण झऱ्यांचें पाणी गुणकारी म्हणून सांगण्यांत आलें, तेव्हां त्याच रोगाचीं माणसें तेथें धाडून आधीं परीक्षा पाहिली; कोणासहि गुण आला नाहीं. शेवटीं शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स या राजशस्त्रवैद्यानें शस्त्राचा उपाय ठरविला. मध्यें कित्येक आठवडे त्यानें पॅरिसच्या रुग्णालयांतील गोरगरिबांवर हात बसवून घेतला आणि या कामासाठीं एक बांकदार सुरी मुद्दाम घडविली. त्या गरिबांच्या वेदनेची नोंद कोणीं ठेविली नाहीं. इतिहासानें राजाच्या व्रणाचा दिवसवार हिशेब ठेविला आणि ज्यांच्या अंगावर त्या व्रणाचा सराव झाला, त्यांचीं नांवेंहि ठेविलीं नाहींत.

१८ नोव्हेंबर १६८६ रोजीं सकाळीं व्हर्साय येथें शस्त्रक्रिया झाली. राजाचें वय अठ्ठेचाळीस. मादाम द मँतनाँ, मंत्री लूव्वा, धर्मगुरु ला शेझ आणि राजवैद्य एवढीच मंडळी जवळ होती. बाकीच्या दरबारास कल्पनाहि नव्हती. दोनदां सुरी व आठ वेळां कात्री चालली. भुलीचें औषध त्या काळीं नव्हतेंच. राजानें ओरडा केला नाहीं. त्याच दिवशीं सायंकाळीं त्यानें मंत्रिमंडळाची बैठक घेतली आणि दुसऱ्या दिवशीं परराष्ट्रांच्या वकिलांस दर्शन दिलें. या धैर्याचें वर्णन त्या काळच्या लेखकांनीं मोठ्या रसानें केलें आहे, आणि त्या धैर्यास आमचाहि नमस्कार आहे.

परंतु राजवैद्यांनीं राजाच्या प्रकृतीची जी रोजनिशी ठेविली आहे, तींत पुढची हकीकत आहे, आणि ती रसाळ नाहीं. व्रण वरून लवकर मिळून येऊं लागला, पण आंत पोकळी राहिली. खालून भरून येण्यापूर्वीं वरून मिटलेला व्रण हा पुन्हां रोगच होतो. म्हणून डिसेंबर महिन्यांत त्यास पुन्हां छेद द्यावे लागले, आणि ज्या यातना एकदां संपल्या असें सर्वांस वाटलें होतें त्या राजास पुन्हां सोसाव्या लागल्या. जानेवारी १६८७ मध्यें तो हिंडूंफिरूं लागला. त्या महिन्याच्या ३० तारखेस तो पॅरिसला गेला, तेव्हां नगरवासीयांनीं आपला आनंद प्रकट केला. म्हणजे शस्त्र चाललें कांहीं थोडा वेळ, आणि बरें होण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. ज्याच्या आज्ञेनें सैन्यें हलत, त्याची आज्ञा दोन बोटें लांबीच्या व्रणानें मानिली नाहीं. मांस आपल्या गतीनें भरतें. त्यास हुद्दा कळत नाहीं.

या प्रकरणाचीं दोन उपकथानकें आहेत. पहिलें हास्यरसाचें. पिएर दियोनिस या समकालीन शस्त्रवैद्यानें लिहून ठेविलें आहे कीं, राजाची शस्त्रक्रिया झाल्यावर तीसहून अधिक दरबारी माणसें आपल्यावरहि तीच करावी म्हणून हट्ट धरून बसलीं, आणि तुम्हांस गरज नाहीं असें सांगतांच रागावलीं. जें दुखणें पूर्वीं लपवावयाचें, तें आतां मिरवावयाचें झालें.

दुसरें उपकथानक करुण आहे. राजा बरा झाल्याप्रीत्यर्थ ८ जानेवारी १६८७ रोजीं पॅरिसमध्यें ईशस्तवनाचें संगीत झालें. त्याचा नायक झां-बातिस्त ल्युली हा विख्यात संगीतकार. त्या काळीं जाड काठी जमिनीवर आपटून ताल देत. ती काठी ल्युलीच्या पायाच्या बोटास लागली. जखम अगदींच लहान. पण ती चिघळली, मांस सडूं लागलें, आणि २२ मार्च रोजीं तो मरण पावला. बोट कापूं देण्यास त्यानें नकार दिला असें सांगतात. राजाचा मोठा व्रण भरून आला आणि त्या आनंदाच्या समारंभांत झालेला लहान व्रण प्राण घेऊन गेला. ‘लहान’ हा शब्द व्रणाच्या बाबतींत किती जपून वापरावा, याचें याहून चांगलें उदाहरण इतिहासांत सांपडणें कठीण.

यानंतरचा मोठा टप्पा सुप्रसिद्ध आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत विल्यम मॉर्टन यानें एका तरुणास ईथर हुंगविलें आणि जॉन कॉलिन्स वॉरन यानें त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्र चालविलें. रोगी ओरडला नाहीं. पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. १८६७ सालीं लिस्टरनें कार्बोलिक आम्लानें व्रण निर्जंतुक ठेवण्याची आपली रीति प्रसिद्ध केली, आणि शस्त्रक्रियेनंतर पू येणारच, ही शतकानुशतकांची समजूत ढांसळूं लागली. मानवजातीवर याहून मोठे उपकार थोडेच झाले असतील.

तथापि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ईथरनें शस्त्राचा क्षण जिंकला. व्रणाचे दिवस जिंकले नाहींत. किंबहुना रोग्याची अवस्था एका अर्थानें अधिक एकाकी झाली. पूर्वीं त्याची किंकाळी भोंवतालचीं माणसें ऐकत. आतां तो निजलेला असतांना सर्व कांहीं घडून जातें आणि तो जागा होतो तेव्हां मुख्य कार्यक्रम संपलेला असतो. वैद्य हात धुऊन गेलेला, नातलग सुटकेचा निःश्वास टाकीत असलेले, आणि दुखणें मात्र नुकतेंच सुरू झालेलें! टोंचून औषध देण्याची पिचकारी १८५३ च्या सुमारास निघाल्यावर मॉर्फिन त्वचेखालीं देतां येऊं लागलें. त्यानें रात्रीं सुसह्य केल्या, पण त्याच्या व्यसनाचें भयहि मागें लागलें. इकडे विश्रांतीच्या नांवाखालीं रोग्यास दोन-तीन आठवडे पाठीवर निजवून ठेवण्याचा परिपाठ पडला. १८९९ सालीं शिकागोच्या एमिल रीस यानें आपले रोगी लवकर उठवून हिंडवावे असें प्रतिपादन केलें, तें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत खाटा कमी पडूं लागल्या तेव्हां रोग्यांस लवकर उठवावें लागलें, आणि ते अधिक चांगले बरे होतात असें दिसून आलें. फार पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातींत कफ सांचतो, हें आतां सर्वमान्य आहे. फार चालूं नये आणि दिवसा झोंपूं नये, हे दोन नियम सुश्रुतानें शेजारीं शेजारीं कां ठेविले असावेत, याचें मर्म यांत दिसतें. रोग्यानें निजून राहणें आणि रोग्यानें धांवणें या दोन टोंकांमध्यें बरें होण्याचा रस्ता आहे.

आपल्या अलीकडच्या इतिहासांतील एक उदाहरण येथें देण्यासारखें आहे. १९२४ सालच्या जानेवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं महात्मा गांधींचें आंत्रपुच्छ काढलें. मध्येंच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडांत काम पुरें करावें लागलें, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं पांच वर्षें, जानेवारी १९१९ मध्यें, मुंबईस डॉ. दलाल यांनीं त्यांच्यावर एक लहान शस्त्रक्रिया केली होती, ती कोणाच्या स्मरणांत नाहीं. १९१८ मधील अतिसाराच्या दुखण्यानंतर त्यांस गुदद्वारापाशीं चिरा पडल्या होत्या. हवापालटासाठीं माथेरानास गेले, तर शौचाच्या वेळच्या यातनांमुळें आठवडाभरांत परत यावें लागलें. गाईम्हशींचें दूध न घेण्याचें व्रत होतें; शेळीच्या दुधास काय हरकत, हा प्रश्न कस्तुरबांनीं पुढें केला आणि तें दूध सुरू झाल्यावर शस्त्रक्रिया झाली. हें सर्व गांधींनीं आपल्या आत्मकथेंत संकोच न करतां लिहिलें आहे. चौदाव्या लुईनें जें दुखणें महिनोन्‌महिने दरबारापासून लपविलें, त्याच जागेचें दुखणें या दुसऱ्या पुरुषानें सर्व जगास सांगितलें.

प्रकृति किंचित् सुधारूं लागली असतांनाच त्यांच्या वाचनांत रौलट कमिटीचा अहवाल आला, आणि त्यांतून जो सत्याग्रह निघाला, त्यानें हिंदुस्थानच्या राजकारणाची दिशा बदलली. परंतु येथेंहि देहानें आपली गति सोडली नाहीं. मोठ्यानें भाषण करण्याइतका आवाज नव्हता. उभें राहून फार वेळ बोलूं लागलें तर सर्व शरीर कांपे, आणि उभें राहून बोलण्याची ती अशक्तता पुढेंहि टिकली, असें त्यांनींच नमूद केलें आहे. ६ एप्रिल १९१९ रोजीं देशभर हरताळ पडला तेव्हां त्या चळवळीचा नायक हा असा अर्धवट बरा झालेला मनुष्य होता. राजानें आपली दुर्बळता झांकून दरबार भरविला; यानें ती कबूल करून, बसून, हळू आवाजांत आपलें काम चालविलें. दोघांचेंहि धैर्य खरें. पण अनुकरण करावयाचें झाल्यास दुसऱ्याचें अधिक सोपें आणि अधिक निकोप आहे असें आम्हांस वाटतें.

आतां पुन्हां बोस्टनच्या त्याच रुग्णालयाकडे वळूं. तेथील भूलशास्त्राचा प्रमुख हेन्री बीचर हा दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या रणभूमीवर होता. भयंकर जखमा झालेल्या सैनिकांपैकीं पुष्कळजण वेदनेवर औषध मागत नाहींत हें पाहून त्यास आश्चर्य वाटलें. १९५६ सालीं त्यानें तुलना प्रसिद्ध केली. जखमी सैनिकांपैकीं शेंकडा ३२ जणांनीं वेदनाशामक औषध मागितलें, तर शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांपैकीं शेंकडा ८३ जणांनीं. नागरिक भित्रे आणि सैनिक शूर, असा याचा अर्थ नव्हे. सैनिकास ती जखम म्हणजे रणांगणांतून सुटका, घरीं जाण्याचा परवाना होता. नागरिकास तोच व्रण म्हणजे सुरळीत चाललेल्या आयुष्यावर कोसळलेलें संकट होतें. वेदना केवळ व्रणाच्या आकारावर अवलंबून नसते. त्या व्रणाचा अर्थ काय लागतो, यावरहि असते.

१९६४ सालीं त्याच रुग्णालयांत लॉरेन्स एग्बर्ट व त्याचे सहकारी यांनीं याच्या पुढची पायरी गांठली. पोटावर शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रोग्यांचे त्यांनीं दोन गट पाडिले. एका गटाकडे भूल देणारा वैद्य जाऊन बसे आणि सांगे कीं, जागे झाल्यावर अमुक ठिकाणीं दुखेल, इतकें दुखेल, इतके दिवस दुखेल; हें दुखणें स्नायु आंवळल्यामुळें होतें; ते सैल कसे सोडावे, कूस कशी बदलावी. दुसऱ्या गटास यांतील कांहीं सांगितलें नाहीं. कोणता रोगी कोणत्या गटांतील हें शस्त्रवैद्यांस ठाऊक नव्हतें. परिणाम असा झाला कीं, ज्यांस सांगितलें त्यांस मादक औषध सुमारें निम्मेंच लागलें आणि ते सरासरीनें २.७ दिवस आधीं घरीं गेले. ज्या वास्तूंत ईथरचा विजय झाला, तिच्यांतच एकशें अठरा वर्षांनीं असें ठरलें कीं, कांहीं मिनिटांचें खरें बोलणें हेंहि एक औषध आहे. पुढें १९८४ मध्यें रॉजर उलरिख यानें पेनसिल्व्हेनियांतील एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशय काढलेल्या ४६ रोग्यांपैकीं ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, त्यांस ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती त्यांच्यापेक्षां तीव्र औषधें कमी लागलीं आणि ते लवकर घरीं गेले. व्रणितागाराची निवड आणि गोड बोलणारे स्नेही, या सुश्रुताच्या दोन्ही सूत्रांची ही जणूं आधुनिक टीकाच होय.

मात्र एक भेद लक्षांत ठेवावा. गोड बोलणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे. ‘कांहीं दुखणार नाहीं, चार दिवसांत उठून कामाला लागाल,’ हें बोलणें ऐकावयास गोड, पण पांचव्या दिवशीं तें रोग्यावरच उलटतें. दुखणें तर थांबलेलें नाहीं, म्हणजे आपल्यांतच कांहीं उणें आहे, आपण फार कुरकुऱ्या स्वभावाचे आहों, असें त्यास वाटूं लागतें. मग तो सांगावयाचें तें सांगत नाहीं, औषध घ्यावयाचें तें घेत नाहीं, आणि खरोखरीच कांहीं बिघडलें तर तेंहि दडवून ठेवतो. बोस्टनच्या त्या वैद्यांनीं दुखणार नाहीं असें सांगितलें नव्हतें. दुखेल, आणि मग थांबेल, असें सांगितलें होतें. दोन्ही वाक्यांत आश्वासन आहे. पण दुसरें टिकाऊ आहे.

हा सर्व इतिहास आजच्या कुटुंबांस दूरचा नाहीं. आज भुलीचीं औषधें सुधारलीं, दुर्बिणीच्या साहाय्यानें बारीक छिद्रांतून कामें होतात, आणि हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदु अशा शस्त्रक्रियांचे रोगी पुष्कळदां त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं येतात. ही प्रगतीच आहे. पण तिचा एक अर्थ असा कीं, व्रणाचे दिवस आतां रुग्णालयांतून निघून आपल्या घरीं आले आहेत. व्रणितागार म्हणजे आपलीच मागची खोली. उपासक म्हणजे आपणच. पट्टी कोरडी आहे ना, ताप चढला नाहीं ना, जखम लाल होऊन फुगली नाहीं ना, हें पाहणें आणि तसें दिसतांच वैद्यास कळविणें हें घरच्यांचें काम झालें आहे. वेदनेचें औषध ठरल्या वेळीं देणें, दोन पावलें चालतांना हात देणें, आणि बरें होण्याची तारीख रोग्याच्या तोंडून वदवून न घेणें, हेंहि त्यांत येतें.

रोग्यासहि एक गोष्ट सांगावीशी वाटते. दुखतें असें सांगणें म्हणजे धैर्य सोडणें नव्हे. तीन आठवड्यांनींहि बसतांना कळ येते म्हणून लाज वाटण्याचें कारण नाहीं. व्हर्सायच्या राजासहि दोन महिन्यांवर लागले होते. शस्त्र लहान असेल, पण देहानें आपलें फाटलेलें वस्त्र एकेक धागा करून पुन्हां विणावयाचें असतें, आणि तें विणकाम लहान नाहीं. तें चाललें असतांना कोणीतरी शेजारीं बसावें आणि गोष्ट सांगावी, एवढीच त्या जुन्या शास्त्रकाराची मागणी होती. इतक्या शतकांच्या शोधांनंतर ती मागणी रद्द झालेली नाहीं; उलट तिला आंकड्यांचा आधार मिळाला आहे.